सदुसष्ट मिनिटं

मातालेना शेजारी राहायला आली त्या पहिल्याच दिवशी तिने मला दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे आमच्या मायदेशातल्या सवाइई बेटावरून कपड्यांच्या घड्यांत लपवून आणलेला नारळाच्या हिरांचा खराटा. इथल्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोरीने तो जप्त करायचा म्हटल्यावर ही तिथेच फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आधी मला जप्त कर." शेवटी त्यांनी खराट्यावर औषध मारलं आणि परत दिला. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या लेकीच्या, रुताच्या कपाळावरचा व्रण. डाव्या भुवईच्या वर, बोटाच्या पेराएवढा.

"आठ वर्षांची होती," मातालेना म्हणाली. "काळ्या दगडांवर खेळायला जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. गेली, आणि पडली. आईचं ऐकलं नाही की असं होतं."

रुता तिथेच कोको ओतत होती. तिने कप आमच्यापुढे सरकवले. मग मीही माझ्या थोरल्याच्या दाताची गोष्ट सांगितली. सायकलवरून पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. पोरं ऐकत नाहीत, यावर आम्हा दोघींचं तिथल्या तिथे जमलं.

ती आली होती नातीसाठी. लोसा तेव्हा सहा महिन्यांची होती. रुता विमानतळावर सामानाच्या विभागात आणि जावई एतुआले रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेला. त्यामुळे घर मातालेनाचंच झालं. गेली सहा वर्षं तिने त्या पोरीला न्हाऊमाखू घातलं, खोबरेल चोपडून वेण्या घातल्या, ऊन असो पाऊस असो, छत्री धरून शाळेत सोडलं. गुडघे दुखायचे, पण लोसा दमली म्हणाली की ही तिला पाठीवर घ्यायची. आमच्या मांगेरेत, विमानतळाशेजारच्या या गावात, छपरावरून विमानं जातात. प्रत्येक विमानाकडे बोट दाखवून ती लोसाला सांगायची, "या विमानातून मी तुझ्यासाठी आले."

आणि चुकलं की मारायची. तिची सहा पोरं त्या खराट्याखालून गेली होती. "पाखरांची पिल्लं फुलांवर वाढतात, माणसांची शब्दांवर," असं आमच्याकडचे म्हातारे म्हणतात. मातालेना त्याला जोड द्यायची, "शब्द कानात शिरायला वाट लागते. ती वाट खराटा करतो."

रुताने शेवटी फ्रीजवर कागद चिकटवला. मारायचं नाही. ओरडायचं नाही. चुकलं की दारापुढच्या पायरीवर बसवायचं, जितकं वय तितकी मिनिटं. वेळ संपली की विचारायचं, "का बसलीस?" नीट सांगितलं की जवळ घ्यायचं. कागदाशेजारी टोमॅटोच्या आकाराचं पीळ देऊन लावायचं घड्याळही ठेवलं. लोसा पहिलं कारण नेहमी सोपं सांगायची, म्हणून रुता पुढे विचारायची, "आणि?" मग खरं बाहेर यायचं.

मातालेनाने मला तो कागद वाचून दाखवला. "आमच्या कोंबड्या जन्मभर पायरीवर बसल्या, सेफिना. एक तरी सुधारून पाद्री झाली का?"

हसून हसून माझी बरगडी दुखायला लागली. आता आठवलं की लाज वाटते.

एका गुरुवारी, रुता कामावर असताना, पाद्री आले होते. आम्ही सगळे खाली चटईवर बसलो होतो, मधे नारळाच्या दुधातल्या पावांचं ताट. लोसा पळत आली आणि ताठ उभी राहून, सरळ पाद्रींच्या पायांवरून टांग टाकून पाव घेऊन गेली. बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जाताना कमरेत वाकायचं, "तुलोउ" म्हणजे 'माफ करा' म्हणायचं, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पाद्री हसले. "लेकरू आहे," म्हणाले. मातालेनाही हसली, पण ते हसू मला ओळखीचं होतं.

पाद्रींची गाडी कोपऱ्यावरून वळली. तेव्हा मी काय केलं तेही सांगते, लपवत नाही. मी म्हणाले, "माझ्या घरी असं झालं असतं ना..." आणि पुढचं गिळलं. मातालेनाने खराटा घेतला. मुठीच्या बाजूने दोन फटके, पोटरीवर. लोसा रडली नाही, पाव हातात घट्ट धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. कुंपणापलीकडे मायलेकी परसात उभ्या होत्या. रुता ओरडत नव्हती, म्हणूनच मी थांबले.

"आई, शाळेतल्या बाईंनी तिला पायाचं विचारलं. ती म्हणाली, दगडावर पडले. शाळेच्या अंगणात सगळीकडे रबर आहे. तिथे दगड कुठला?"

"मी नाही तिला असं शिकवलं."

"माहीत आहे. मलाही तू शिकवलं नव्हतंस."

 मग रुताने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

"माझ्या बाईंनी विचारलं तेव्हा मीच म्हणाले, दगडावर पडले. घरी येऊन तुला सांगितलं. तुझा चेहरा असा मोकळा झाला, आई! दुसऱ्या दिवसापासून तू पण तेच सांगायला लागलीस. दगड नव्हता तो. पीठ सांडलं म्हणून तू करवंटी फेकून मारली होतीस."

"मी?" मातालेना म्हणाली.

माझ्या हातातले चिमटे खाली पडले. कारण तिला खरंच आठवत नव्हतं. मी तिला सहा वर्षं ओळखते. ती भांडखोर आहे, हट्टी आहे, पण नाटकी नाही. एखादी गोष्ट हजारदा सांगितली की सांगणाऱ्यालाही ती खरी वाटायला लागते.

"मंगळवारचं तिकीट काढते," रुता म्हणाली. "शाळा सुटल्यावर लोसा पाळणाघरात राहील."

"मला हाकलतेस?"

"हो."

 हा प्रश्न आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या विचारतात, आणि सगळ्या लेकी म्हणतात, "असं काय गं बोलतेस?" 'हो' म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मातालेना कुंपणाला हात लावून हळूहळू मागच्या दाराने आत गेली. लोसाशिवाय ती सवाइईत काय करणार होती? तिथली तिची खोलीसुद्धा आता धाकट्या मुलाच्या सासूला दिली होती.

शनिवारी सकाळी आठला मी पडदा सरकवला. रुताच्या दारापुढच्या खालच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं, डोक्यापासून पायांपर्यंत चटईखाली. साधीसुधी चटई नव्हे. केवड्याच्या पानांची, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. मातालेनाने ती स्वतःच्या मयतासाठी विणून गादीखाली जपून ठेवली होती.

हा इफोगा. आमच्याकडे एखाद्याच्या हातून खून झाला, कुणाच्या गाडीखाली माणूस मेलं, तर त्या घरातलं कर्तं माणूस समोरच्यांच्या दारात असं चटईखाली येऊन बसतं. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर दगड मारोत, काहीही करोत, उठायचं नाही. पण हे घराण्याने घराण्यापुढे करायचं. आईने लेकीच्या दारात? आणि ज्या घरात ती स्वतः राहते, त्याच्याच पायरीवर? मी चपला न घालता धावले.

"मातालेना, ऊठ! लोक बघतायत!"

"बघू देत," चटई म्हणाली.

बघतच होते. चर्चला फुलं घेऊन निघालेल्या चौघी बायका रस्त्यातच उभ्या राहिल्या. कुरिअरवाला पोरगा पार्सल घेऊन आला, चटई बघून पांढराफटक पडला आणि मला हळूच विचारलं, "मावशी, या... गेल्या का?" आतून आवाज आला, "अजून नाही. ठेव तिथे." पोरगं पार्सल टाकून पळालं.

रुता दारात आली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग संतापाने परत चढलं.

"हे काय, आई? सगळ्या गल्लीपुढे मला वाईट ठरवतेस? हा पण मारच झाला!"

"तुझ्या दारात नाही बसले," चटई म्हणाली. "लोसाच्या दारात बसलेय."

 त्या चौघींपैकी एक रडायला लागली. तेवढ्यात लोसा बाहेर आली, रात्रीच्या झग्यातच. तिने आजीकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"आजीने काय केलं?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. लोसा आत गेली आणि टोमॅटोचं घड्याळ घेऊन आली.

"आई, आजी किती वर्षांची आहे?"

रुताचे ओठ हलले. "सदुसष्ट."

घड्याळात साठच मिनिटं लावता यायची. लोसाने साठपर्यंत पीळ दिला आणि मला बजावलं, "सेफिनाआजी, नंतरचे सात विसरू नकोस हं." मग वरच्या पायरीवर बसून राहिली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या पोरीच्या पोटरीवर दोन काळेनिळे वळ होते आणि ती नियम मोडायला तयार नव्हती, ना आजीच्या बाजूने ना आजीविरुद्ध.

आम्ही थांबलो. बायकांनी फुलं गवतावर ठेवली. विमानं येत होती, जात होती. अर्ध्या तासाने चटई थरथरायला लागली. गुडघे. रुता एक पाऊल पुढे आली, पुन्हा मागे सरली. साठ झाले. सात लावले. तेही झाले, घंटा वाजली. लोसा खाली उतरली आणि रुतासारखाच आवाज काढून म्हणाली, "का बसलीस?"

"तुझ्या पायावर मारलं म्हणून."

"आणि?"

 मला वाटलं, आता काही येत नाही.

"आणि तुझी आई दगडावर पडली नव्हती," मातालेना म्हणाली. "रात्रभर आठवलं. पीठ होतं, करवंटी होती. मीच मारली. आणि तिला खोटं बोलू दिलं."

लोसाला काही कळलं नाही. तिने वळून आईकडे पाहिलं. रुता अनवाणी पायऱ्या उतरली आणि दोन्ही हातांनी चटई उचलली. आतून मातालेना निघाली, घामाने निथळत, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. रुताने तिच्या काखेत हात घातला. "ऊठ," एवढंच म्हणाली. "पाय आखडले असतील."

मंगळवारचं विमान आमच्या छपरावरून गेलं तेव्हा मातालेना लोसाच्या वेण्या घालत होती. फ्रीजवरचा कागद अजून आहे. तिची रुताशी भांडणंही आहेत, पण आता मारण्यावरून नाही, ओरडण्यावरून.

परवा चर्चमध्ये नवीन आलेल्या एका बाईने रुताच्या कपाळाकडे बघून सहज विचारलं, "लहानपणी पडली होतीस वाटतं?" रुताने तोंड उघडायच्या आत मातालेना म्हणाली, "नाही. मी मारलं होतं." आणि पावाचं ताट तिच्यापुढे केलं.

मी हातातली बशी खाली ठेवली. माझा थोरला, तो अर्ध्या दाताचा, याच गावात राहतो. त्याला दोन मुलं आहेत, आणि तो ती कधीही माझ्याकडे सोडून जात नाही. का, ते मी सगळ्यांना विचारत असते, त्याला सोडून. त्याच्याकडे सायकल कधी नव्हतीच.