पहिल्या घंटेला उचललेला फोन

शालिनी सेलोकर यांचे गेल्या मार्चमध्ये, निवृत्तीनंतर दीड वर्षाने, भंडाऱ्यातील राहत्या घरी निधन झाले. जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थी विभागाच्या त्या वरिष्ठ लिपिक होत्या. त्यांच्या टेबलावर तारेचा एक जुना फोन होता. त्याची घंटा त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाजू दिली नाही. हातातला डबा, शिक्का, समोर बोलणारा प्राध्यापक, सगळे सोडून त्या पहिल्याच घंटेला फोन उचलत. बहुधा चुकीचा नंबर असे किंवा प्रवेशाची चौकशी. "नाई, इथं नाई," एवढे म्हणून त्या रिसीव्हर ठेवत आणि मग थोडा वेळ त्यावरचा हात काढत नसत.

महाविद्यालयाचा नियम असा होता. निम्म्याहून अधिक विषय राहिले की विद्यार्थी एका सत्रासाठी निगराणीवर. सगळे त्याला प्रोबेशन म्हणत. घरी रजिस्टर पत्र जाई. पालकाने पंधरा दिवसांत येऊन सही करायची. सही झाली नाही तर एक वर्ष निलंबन. पत्रे रोज दुपारी तीनच्या थैलीतून टपालात जात.

सेलोकर मॅडमनी या नियमात स्वतःची एक भर घातली होती. लिफाफ्यावर पत्ता विद्यार्थ्यानेच लिहायचा. मग तीन वाजेपर्यंत त्या लिफाफ्यावर हात ठेवून बसत आणि फोन त्याच्याकडे सरकवत. "कागद पोचाच्या आधी तुया आवाज पोचला पायजे," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. कोणी आढेवेढे घेतले तर म्हणत, "पेपर लिवताना एवढा इचार केला असता त इथं कायले आला असतास?"

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी अकरा जणांची यादी लागली. माझे नाव सातवे होते. सहापैकी चार विषय राहिले होते. घरी मी सगळे निघाले असे सांगितले होते. थोरल्या बहिणीचे कॉलेज एक वर्ष नापास झाल्यावर सुटले होते आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले होते.

पाऊण वाजता माझी पाळी आली. मी लिफाफ्यावर वडिलांचे नाव लिहिले, खाली गावाचा पत्ता लिहिला. मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"काहून वो मनीषा, इथं डाकवाला डोंग्यानं जाते काय?"

दारातला शिपाई हसला. मी लिहिलेला पत्ता जुन्या गावाचा होता. ते गाव, त्याचे टपाल कार्यालयही, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले. तेव्हा मी चौथीत होते. आम्ही नव्या गावठाणात राहायला आलो, त्याचा पत्ता वेगळा. ही गोष्ट भंडाऱ्यातल्या कोणाच्या लक्षात येणार नाही, असे मी धरून चालले होते. मॅडमचे माहेर त्याच बुडीत क्षेत्रातले होते.

त्यांनी शिपायाला बाहेर पाठवून दार लोटले.

"घरी काय सांगतलं?"

"सगळे निघाले म्हणून."

"कागद पोचला नाई त पंधरा दिवस निघून जातीन. सोळाव्या दिवशी नाव कटते. सोळाव्या दिवशी काय करशीन?"

सोळाव्या दिवसाचा विचार मी केलेला होता. आमच्या गावाच्या बसला वैनगंगेवरचा पूल लागतो.

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात लिफाफ्यावर होता. मग त्या सावकाश बोलल्या.

"चार वर्सांआधी अशीच एक पोरगी इथं बसली होती. तुयाच खुर्चीत. पत्ता तिनं खरा लिवला. फोन मी लावाले सांगतला नाई, तवा मी कोनालेच सांगत नव्हती. मीनंच पत्र तीनच्या थैलीत टाकलं. पत्र घरी पोचलं. पोरगी नाई पोचली."

"कुठं गेली?"

"फोन लाव."

मी नंबर फिरवला. दोनदा चुकला. वडिलांनी उचलला तेव्हा मागे भाताच्या रोवणीला आलेल्या बायांचे आवाज येत होते.

"बोल व माय, लवकर बोल. पऱ्हे सपले, आनाले जातो."

मी रिसीव्हर मॅडमपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही, माझे मनगट धरून ठेवले.

"बाबा, चार विषय गेले. मी खोटं बोलली."

रोवणीच्या बायांपैकी कोणीतरी पऱ्ह्यांसाठी, लावायच्या रोपांसाठी, हाक मारत होते. वडिलांनी ओ दिली नाही.

"तू कुठं हायेस?"

"कॉलेजात."

"तिथंच राह्य. येतो मी."

फोन बंद झाला. ते मारायला येत आहेत की न्यायला, हे मला कळले नाही. मॅडमनी मला बाहेर जाऊ दिले नाही. समोर शंभर लिफाफे आणि गोंदाची बाटली ठेवली. "तिकिटं लाव. वाकडी लावशीन त पुन्हा लावा लागन." मी पाणी प्यायला उठले तेव्हा त्या स्वतः बरोबर आल्या. तीनची थैली गेली. माझे पत्र टेबलावरच राहिले.

पावणेचारला वडील आले. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा झाला होता. त्यांनी आधी मला पाहिले, मग भिंतीला हात टेकला.

"मॅडम, लय भेव लागलं," ते म्हणाले. "येताना पुलावर दोनदा गाडी थांबवली. खाली पाह्यलं."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

"घरी नेऊ काय इले?"

"नेऊ नका. शिकू द्या. आज फक्त जेवू घाला."

वडिलांनी सही केली. जुन्या गावाचा पत्ता असलेला लिफाफा मॅडमनी फाडला आणि तुकडे स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. पुढच्या सत्रात माझे पाच विषय निघाले आणि निगराणी उठली. त्यानंतरच्या वर्षांत आमचे बोलणे क्वचितच झाले. जिन्यात भेटल्या की विचारत, "घरी बोलली काय?" निकाल असो वा नसो, प्रश्न तोच.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केले नाही. टेबलावरचा फोन काढू नये, अशी एका ओळीची लेखी विनंती केली. त्यांच्या जागी आलेल्या लिपिकाने मला तो कागद दाखवला. फोन चालू आहे.

त्यांच्या निधनानंतर, एप्रिलमध्ये, माझ्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या मुलीच्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात मी गेले. तिचे नाव-गाव नव्या लिपिकाने जुन्या यादीतून शोधून दिले होते. बेपत्ता व्यक्तींच्या नोंदवहीत तिची नोंद आहे. तपास बंद झालेला नाही. संपर्कासाठी दोन क्रमांक लिहिले आहेत. पहिला तिच्या वडिलांचा आहे. दुसरा विद्यार्थी विभागाच्या टेबलावरच्या फोनचा आहे.