हाडाने ऐकलेला आवाज

दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की एक जाड दाराची इवलीशी खोली होती. भिंतींना फोम, समोर काच, आत एकच खुर्ची. त्या काचेबाहेर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळा दवाखाना ‘कानवाल्या बाई’ म्हणायचा, आणि त्यांना ते आवडायचंही.

रोज सकाळी पहिला पेशंट येण्याआधी बाई स्वतःच हेडफोन चढवून एकेक सूर ऐकून बघत. “यंत्र मला फसवणार आणि मी लोकांना फसवणार, हे चालायचं नाही,” असं त्यांचं म्हणणं.

काम वरवर सोपं. माणसाच्या हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, “सूर कितीही बारीक येऊ दे, आला की दाबा.” मग सूर हळू करत जायचा, ऐकू येईनासा झाला की पुन्हा वाढवायचा. अगदी हळू असताना माणूस जिथं जेमतेम सूर पकडतो, तो त्याच्या कानाचा काठ. घुमणाऱ्या जाड सुरापासून चिरक्या सुरापर्यंत प्रत्येकाचा काठ कागदावर ठिपक्याने मांडायचा. शांततेत आजोबा लोकांना हमखास डुलकी लागायची. बाई हळूच दार उघडून म्हणायच्या, “आजोबा, घोरणं मोजायचं यंत्र वरच्या मजल्यावर आहे हं.” आजोबा जागे व्हायचे आणि तपासणी पहिल्यापासून सुरू व्हायची. अंदाजपंचे ठिपका बाईंनी कधी मारला नाही.

एकदा लोखंडाच्या कारखान्यातून एक क्रेनवाला आला. चाळिशीचा, अंगाने आडवा, तोंडभर हसणारा. क्रेनवर बसणाऱ्याला खालची शिट्टी ऐकू आलीच पाहिजे, म्हणून त्याची दरवर्षी तपासणी व्हायची. एरवी तपासणीची गाडी कारखान्यातच यायची. त्या वर्षी गाडी बंद झाली आणि माणसं दवाखान्यात पाठवली गेली.

गडी पटापट बटण दाबत होता. पण बाईंना काहीतरी खटकलं. याची नजर सारखी, सूर सोडताना हलणाऱ्या त्यांच्या खांद्यावर. बाईंनी आवाज बंदच ठेवला आणि नुसता हात हलवला. त्याने बटण दाबलं. पुन्हा हलवला. पुन्हा दाबलं.

आत जाऊन बाईंनी खुर्ची भिंतीकडे वळवली, “मान अवघडेल तुमची,” म्हणाल्या आणि परत येऊन सूर सोडला. बटण गप्प. आवाज चढवत चढवत साध्या बोलण्याच्या वर गेला, तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. दुसऱ्या कानाचीही तीच गत.

बाई आत गेल्या, त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, “किती वर्षं चाललंय हे?”

त्याचं हसू उतरलं. “चार. गाडीतही असंच बघून दाबायचो. ताई, पाया पडतो, लिहू नका. क्रेनवरून उतरवतील मला.”

“आणि वरून माल कुणाच्या डोक्यावर आला तर?”

तो म्हणाला, “कारखान्यात काही अडत नाही हो. त्या गोंगाटात उलट बरं ऐकू येतं. घरीच अवघड होतं. बायको म्हणते, मुद्दाम कानाडोळा करता.”

बाईंनी कान टवकारले. आवाजाने गेलेले कान त्यांनी शेकड्यांनी बघितले होते. तिथं आधी चिरके सूर जातात आणि गोंगाटात माणूस अगदीच गडबडतो. याचे तर जाड सूर जास्त गेलेले. “उठू नका,” त्या म्हणाल्या. “अर्धीच तपासणी झालीय.”

हेडफोन काढून त्यांनी त्याच्या कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवली. दुसऱ्या कानाने मध्ये लुडबूड करू नये म्हणून त्यात ‘सस्स’ असा आवाज सोडून ठेवला. सूर सुरू झाला. बटण दाबलं गेलं. हळू केला, पुन्हा दाबलं. आणखी हळू, तरीही दाबलं.

“ताई, हे येतंय की ऐकू!” आतून तो ओरडलाच.

बाईंनी त्याला दोन्ही रांगांचे ठिपके दाखवले, मधलं मोठं अंतर दाखवलं. “आवाज हाडातून थेट आत गेला की पकडता. म्हणजे आतला कान ठणठणीत. वाटेत कुठंतरी अडतंय, आणि तशी वाट पुष्कळदा मोकळी करता येते. पण ते सर्जन ठरवतील. मी मोजणारी बाई. आणि मोजलंय तेच लिहिणार.”

त्यांनी खरं तेच लिहिलं. क्रेन बंद. मात्र कारखान्याच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला, “याला काढू नका, खालचं काम द्या,” म्हणून चांगलंच भांडल्या, आणि कानाच्या सर्जनची तारीख मिळवूनच फोन ठेवला. क्रेनवाला मात्र त्या दिवशी दार आपटून गेला.

सर्जनना कानातलं सगळ्यात छोटं हाड जागीच घट्ट बसलेलं सापडलं. ते हलत नव्हतं, म्हणून आवाज पुढं सरकत नव्हता. त्यांनी त्याच्या जागी तांदळाच्या दाण्याहून बारीक दांडी बसवली. आधी एका कानात, काही महिन्यांनी दुसऱ्या. शेवटच्या तपासणीला तो बायकोला घेऊन आला. ठिपके वर चढले होते, क्रेनला पुरून उरतील इतके. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. मग ते जाड दार त्याने अगदी हळूच लावून घेतलं.

बायको सांगू लागली. “ऑपरेशननंतर घरी आले आणि म्हणाले, फ्रीज बिघडलाय, किती घरघरतोय, माणूस बोलाव.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग काय! तीन वर्षं तो तसाच वाजतोय.”

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.