शेजाऱ्याच्या ओट्यावरचं दूध

आमचं घर बांधून होईपर्यंत आम्ही चौदा महिने शाळेच्या बसमध्ये राहत होतो. या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासून घेतलेला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या चौदा महिन्यांत मी केलेल्या इतर विधानांबद्दल असं म्हणता येत नाही.

आधी वस्तुस्थिती. मी एका दैनिकात तीस वर्षं डेस्कवर होतो. वार्ताहराने 'शेकडो लोक' लिहिलं की 'कोणी मोजले?' असं विचारणं हे माझं काम. जुना फोटो वापरला तर त्याखाली 'संग्रहित छायाचित्र' छापलंय ना, हेही मीच बघायचो. निवृत्त झाल्यावर नागावला, समुद्रापासून दहा मिनिटांवर, नारळाच्या वाडीतला एक तुकडा घेतला आणि घर बांधायला काढलं. बांधकामावर स्वतःची नजर हवी, म्हणून एक निकालात निघालेली शाळेची बस आणून त्या जागेत उभी केली. पेणच्या एका गॅरेजवाल्याने बाकं काढून तिच्यात बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि ज्याला तो 'टॉयलेट' म्हणत होता अशी एक वस्तू बसवून दिली. रंग पिवळाच राहिला. मागच्या काचेवरचं 'सावकाश! आत मुलं आहेत' हेही राहिलं.

"पस्तीस वर्षं शाळेत गेले," माझी बायको सुजाता (निवृत्त मुख्याध्यापिका) पहिल्या दिवशी पायरीवर उभी राहून म्हणाली, "सुटले म्हणते तोवर बस न्यायला आली!"

घर सहा महिन्यांत होणार होतं. झालं नाही. याला कंत्राटदार जबाबदार नव्हता. (इथे लिहायला मी आठवडाभर दुसरं कारण शोधलं. मिळालं नाही.) समोर आलेला मजकूर दुरुस्त न करता पुढे सोडणं मला जमत नाही, आणि घराचा नकाशा हाही मला मजकूरच वाटला. स्वयंपाकघराची खिडकी मी चार वेळा हलवली. जिना दोनदा उलटा केला. जोतं तयार झालं, पहिली भिंत कमरेएवढी आली, तेव्हा ती हातभर डावीकडे असती तर जास्त बरं, असं माझ्या लक्षात आलं.

"साहेब," कंत्राटदार हरेश हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, "भिंत हाय ती. खोडरबर न्हाय चालत तिच्यावर."

भिंत पाडली. हरेशने माणसं दुसऱ्या कामावर नेली. जोत्यावर गवत उगवलं आणि एक शेळी तिथे रोज दुपारी येऊन बसू लागली. घराची पहिली रहिवासी तीच.

या सगळ्यात एक माणूस मनापासून वाट बघत होतं, ते म्हणजे माझी आई. वडील सरकारी नोकरीत, बदल्यांमागून बदल्या. आईने अकरा क्वार्टर्स लावली आणि अकरा आवरली. नव्या घरात शिरल्यावर शेगडीवर दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. ते तिने एकदाही केलं नाही. "सरकारच्या ओट्यावर कशाला? आपल्या ओट्यावर करीन," म्हणायची. वडील गेल्यापासून ती श्रीवर्धनला तिच्या भावाकडे, बापूमामाकडे, राहत होती. मामा-मामी जीव लावायचे, पण आई तिथे चहासुद्धा विचारून करायची. ट्रंकेत तिने एक नवं कोरं पातेलं ठेवलं होतं. कशासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं.

दर रविवारी तिचा फोन यायचा. "कुठवर आलं?"

खरं सांगायला मी पहिल्याच रविवारी चुकलो. "येतंय," म्हणालो. पुढच्या महिन्यात "स्लॅब टाकला." मग "प्लास्टर झालं." मग "रंग चालू आहे." फोनवर घर अतिशय वेगाने वर जात होतं. जमिनीवर त्याची उंची गुडघ्याएवढी होती!

आणि एका रविवारी ती म्हणाली, "ओट्याचा फोटो पाठव."

आमच्या कुंपणापलीकडे विलासचं घर आहे. बत्तीस माडांची वाडी, सहा खोल्यांचा होमस्टे, निळं दार, पडवीत झोपाळा आणि काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. मी त्याच्याकडे गेलो.

"घ्या की दादा फोटो," विलास म्हणाला. "पन कुनी इचारलं तर?"

"कोण विचारतंय? आणि विचारलंच, तर तू काही बोलायचं नाहीस. शब्द दे."

त्याने शब्द दिला. आमची मुलगी मृण्मयी, जी बसच्या शेवटच्या खिडकीत बसून कुठल्याशा कंपनीचं ऑनलाइन काम करायची, फोन धरून उभी राहिली.

"बाबा, ही फेक न्यूज आहे."

"ही संग्रहित छायाचित्रं आहेत."

"मग तसं खाली लिहा."

लिहिलं नाही. ओटा, निळं दार, झोपाळा आणि तुळस असे चार फोटो मी बेचाळीस जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. ओटा खरा होता. तुळस खरी होती. खोटा फक्त मालक होता.

त्यानंतरच्याच शनिवारी आई निघाली. कळवलं नाही. (मुलाच्या घरी जायला कळवायचं कशाला?) दिघीला फेरीबोटीत बसली, आगरदांड्याला उतरली, तिथून एसटी, आणि शेवटी मिनिडोर रिक्षा. मिनिडोरवाल्याला तिने निळ्या दाराचा फोटो दाखवला. त्याने तिला बरोबर त्या दारात सोडलं. विलासच्या होमस्टेची पाटी बोगनवेलीत पार झाकली गेली होती. छाटू नकोस, छान दिसते, असा सल्ला त्याला मीच दिला होता.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. तीन प्रत्यक्षदर्शींकडून घेतलेला आहे आणि तिघांचंही म्हणणं जुळतं.

"श्रीकांत कुठाय?" आईने विलासला विचारलं. "मी त्याची आई."

विलास शब्दाचा पक्का माणूस. "दादा... भायेर गेलेत."

"आणि तू कोण?"

बत्तीस माडांचा आणि सहा खोल्यांचा मालक स्वतःच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मी... मी बगतो इथलं."

"हे असं बघतोस? झोपाळा येण्याजाण्याच्या वाटेत! सरकव आधी."

त्याने सरकवला!

घरात त्या दिवशी पुण्याहून आलेली तीन कुटुंबं होती. आईने त्यांच्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"पाव्हणे हायत."

"दूध उतू जायच्या आधीच पाहुणे? श्रीकांतचं लहानपणापासून असंच. आधी गर्दी, मग घर."

त्यातला एक बर्म्युडावाला पुढे आला. "आजी, गरम पाणी येत नाहीये."

"साडेअकराला आंघोळ? पांघरुणांच्या घड्या घातल्यास का?"

"नाही."

"मग आधी त्या घाल."

त्याने घातल्या. बाकीच्यांनीही घातल्या. त्यांना वाटलं, हा पॅकेजचा भाग आहे. (होमस्टेला त्यांनी पुढे पाच तारे दिले. 'आजींची शिस्त विशेष आवडली.')

मग आईने विलासकडून लिटरभर दूध मागून घेतलं, ट्रंक उघडली, नवं पातेलं काढलं, शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि गॅस पेटवला. तेव्हा कुठे विलासच्या ध्यानात आलं की प्रकरण आता आपल्या शब्दाच्या पलीकडे गेलंय. तो पळत सुटला.

मी बसखाली उताणा पडून 'त्या' वस्तूचा पाइप बसवत होतो. शेजारी त्याचे पाय येऊन थांबले.

"दादा, आई आल्या!"

"कुणाची?"

"तुमची!"

"कुठंय?"

"माज्या घरात. म्हंजे तुमच्या. म्हंजे माज्याच!"

"काय करतेय?"

"गॅसवर दूध ठेवलंय."

एक लिटर दूध, मोठी शेगडी. माझ्या हातात पाच मिनिटं होती, आणि त्यातलं एक बसखालून बाहेर यायलाच गेलं. आईने साठ वर्षं राखून ठेवलेली गोष्ट एकदाच होणारी होती, आणि ती विलासच्या ओट्यावर होत होती! मी होतो तसा, बनियनवर, कोपरापर्यंत काळा, कुंपणातून पलीकडे घुसलो.

स्वयंपाकघरात नऊ पाहुणे फोन उंच धरून उभे होते. आई डोळे मिटून, हात जोडून उभी. दूध काठापर्यंत आलं होतं. कोणीतरी "आलं, आलं!" म्हणालं.

मी गॅस बंद केला.

वर आलेलं दूध खाली बसलं. आईने डोळे उघडले. आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"का बंद केलंस?"

महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात सांगावं, असं मी तीस वर्षं शिकवलं. "आई, हे घर आपलं नाही."

"मग कुणाचं?"

विलासने वर्गातल्यासारखा हात वर केला.

"तू तर इथलं बघतोस ना?"

"बगतोच की आजी. माजं हाय म्हनून तर बगतो."

"एक मिनिट," बर्म्युडावाला म्हणाला, "मग आम्ही बुकिंग कोणाकडे केलंय?"

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने पातेलं धरलं आणि एवढंच म्हणाली, "आपलं कुठंय ते दाखव."

मी पुढे, ती पातेलं घेऊन मागे, तिच्यामागे ट्रंक उचललेला विलास. कुंपण ओलांडलं. समोर गवत आलेलं जोतं, जोत्यावर शेळी, मागे पिवळी बस आणि बसच्या दारात हातात झारा घेतलेली सुजाता.

आई जोत्याजवळ थांबली. "ओटा कुठे येणार?"

मी दाखवलं.

"खिडकी?"

"तिथे." आणि माझ्याच्याने राहवेना. "किंवा तिकडे."

"किंवा?"

"चार वेळा हललीय, आई," सुजाता दारातूनच म्हणाली.

"सुजाता, तुला ठाऊक होतं?"

"होतं. पण मी खोटं बोलले नाही. रविवारी तुमचा फोन वाजला की मी समुद्रावर फिरायला जायचे."

आई जोत्यावर बसली. शेळी जरा सरकली. पातेलं तिने शेजारी ठेवलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "हे मी मामीला देऊन टाकलं होतं. म्हटलं, याच्याने काही घर होत नाही. तुझे फोटो आले आणि लाज सोडून परत मागून घेतलं."

हे वाक्य जसंच्या तसं दिलं आहे. त्यावर माझी प्रतिक्रिया त्या वेळी उपलब्ध होऊ शकली नाही.

मग ती उठली. "चहा करा याचा," म्हणाली. "आणि मी आता परत जायची नाही." बसमध्ये चढली, पहिल्या बिछान्यावर बसून बघितलं आणि तो घेतला. तो माझा होता. पुढचे सहा महिने मी ड्रायव्हरच्या सीटवर झोपलो.

चहा झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या पेपरात चुकीची बातमी आली की काय करायचात?"

"खुलासा द्यायचो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. तळाशी. बारीक अक्षरात."

"तू ग्रुपवर दे. मला दाखवून."

पहिला मसुदा मी असा केला : 'काही तांत्रिक कारणांमुळे अनवधानाने...'

"अनवधानाने? चार फोटो?" आई म्हणाली. "काढ ते."

'दिलगीर आहोत' मधलं 'आहोत' सुजाताने काढलं. "बाकीचे कोण? तुम्ही एकटेच!" शिल्लक राहिलं ते एवढं : 'मी टाकलेले चारही फोटो शेजारच्या घराचे होते. आमचं घर गुडघ्याएवढं आहे. चूक माझी. कंत्राटदाराची नाही. श्रीकांत.' माझ्या कारकिर्दीतली ही सर्वांत अचूक मजकुराची चौकट. बेचाळीस जणांनी वाचली. कोणीही काही लिहिलं नाही, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आईने नकाशा माझ्याकडून काढून घेतला, गादीखाली ठेवला आणि हरेशला बोलावणं धाडलं.

"खिडकी पूर्वेला. आता ती हलणार नाही. हा काही सांगायला आला, तर मला हाक मार."

"व्हय आजी!" हरेश म्हणाला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

आई रोज सकाळी जोत्यापाशी खुर्ची टाकून बसायची. मला खुर्चीपासून वीस पावलं लांब राहायची परवानगी होती. सहा महिन्यांत घर उभं राहिलं. ग्रॅनाइटचा ओटा, पूर्वेला खिडकी. ज्या दिवशी दूध ठेवलं त्या दिवशी आईने विलासला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि मला गॅसच्या बटणापासून सर्वांत लांब. दूध वर आलं, काठावर क्षणभर थांबलं आणि खाली ओघळलं. आईने ओट्यावरचा तो ओघळ पुसला नाही. नुसती बघत राहिली.

मी फोटो काढला. दोनदा तपासला. ग्रुपवर टाकला : 'आमच्या घरी आज दूध उतू गेलं.'

मिनिटभरात बापूमामाचं उत्तर आलं. 'वा! सुंदर. घर कोणाचं?'

मी काही लिहिण्याआधीच आईने फोन हातातून घेतला आणि एका बोटाने, सावकाश टाइप केलं : 'श्रीकांतचंच. मी आत उभी आहे.' मग अभिनंदनाची रांग लागली. सगळी तिच्या नावाने.

तेव्हापासून आमच्या घरातल्या सर्व बातम्यांची पडताळणी आईकडे आहे. परवा सुजाताने विचारलं, "जेवलात का?" मी "हो" म्हणालो. ती थेट आतल्या खोलीकडे वळली.

"आई, हे जेवले का हो?"