सात नंबरचा गोल

सिंगापुरातल्या बुकित बातोक भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी सकाळी नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे तुझंच अक्षर ना?"

माझंच होतं. मॅचच्या नोंदींच्या जुन्या वहीतल्या पानाचा फोटो आणि त्यावर निळ्या शाईतला ७. पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तो टाकला होता. या ग्रुपला महिनाभर एकच खूळ लागलं होतं: गेल्या काही दशकांत कॉलेजच्या फुटबॉल टीमचे सगळ्यात चांगले सीझन कुठले, त्यांची क्रमवारी लावायची. सीझन म्हटलं की मला आंबे आठवतात, आणि इथे तर बाराही महिने तोच उकाडा. पण चाळिशी उलटलेले हे बाप्ये चहा व्हायच्या आधीच भांडायला बसायचे. कुणी म्हणे, एकही मॅच न हरलेलं साल पहिलं. कुणी म्हणे, त्या वर्षी समोर होतंच कोण. शेवटी आमचं साल पहिलं आलं, कारण कप फक्त त्याच वर्षी मिळाला होता. आता त्या सालापुढे फायनलमध्ये गोल मारणाऱ्याचं नाव तेवढं टाकायचं राहिलं होतं.

आमच्या घरात हा प्रश्नच नव्हता. गोल माझ्या नवऱ्याने मारला होता. माणूस एरवी अबोल, ऑफिसात बढती मिळाली तेसुद्धा मला चार दिवसांनी कळलं. पण त्या गोलाचा विषय निघाला की जेवता जेवता चमचा-वाटी मांडून दाखवायचा. लेकीला तर तो गोल पाठ होता. शाळेच्या टीममध्ये तिने हट्टाने सात नंबर मागून घेतला होता.

आणि आता ग्रुपवर नवऱ्याच्या जुन्या मित्राने लिहिलं होतं, "गोल माझा आहे." हा मित्र मरीन इंजिनिअर. त्याचं जहाज दुरुस्तीसाठी इथल्याच यार्डात लागलं होतं आणि त्याच दुपारी तो आमच्याकडे जेवायला येणार होता. आली का पंचाईत.

घोळ असा होता की कॉलेजकडे जर्सी मोजून अकरा. बदली खेळाडूला आत पाठवायचं झालं, की बाहेर येणाऱ्याने कडेला उभं राहून जर्सी काढायची आणि आत जाणाऱ्याने ती तशीच घामेजलेली अंगात घालायची. फायनलला सात नंबर आधी मित्राच्या अंगावर होता, मग नवऱ्याच्या. सात नंबरने चेंडू जाळ्यात मारला दोनदा, एकदा याने, एकदा त्याने. रेफरीने मोजला एकच, उरलेला ऑफसाइड ठरवला. कुठला मोजला आणि कुठला नाही, यावर आता ग्रुपवर जितके लोक तितक्या आठवणी. वहीत एकच ७, आणि वेळेचा रकाना कोरा. माझ्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं.

मला फुटबॉलमधलं काय कळतं? अक्षर चांगलं म्हणून सरांनी मला वही देऊन बसवलं होतं. ऑफसाइड म्हणजे काय ते मला आजही समजलेलं नाही. लेकीने एकदा ओट्यावर मसाल्याच्या डब्या मांडून समजावलं, तर मी विचारलं, पण हळदीने नेमकं केलं काय? तेव्हापासून तिने नाद सोडला.

मित्र आला. जहाजावरच्या जेवणाला कंटाळला होता, म्हणून साधं वरण, बटाट्याची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. तो मन लावून जेवला. मग हसत हसत म्हणाला, "वहिनी, वही तुमची. तुम्हीच सांगा काय ते. आम्हा दोघांपैकी कोण?"

हसत होता, पण पोळीचा घास हातातच राहिला होता. नवरा ताकाच्या पेल्यात बघत बसला. लेक इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आई, just say lah."

"नीट आठवत नाही," मी म्हटलं.

साफ खोटं. आठवायला आधी पाहिलेलं असावं लागतं. त्या दिवशी माझं पेन गळत होतं. ओढणीला शाई लागली, म्हणून मी मान खाली घालून ती पुसत होते. सर ओरडले, "सात लिहा." मी सात लिहिलं. ते पहिल्या वेळी ओरडले की दुसऱ्या, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. मॅच संपल्यावर सात नंबर ज्याच्या अंगावर दिसला, त्याला जाऊन मी म्हटलं, "तुमचा गोल छान होता." पुढचा सगळा संसार त्या वाक्यावर उभा. नवऱ्याकडे मी हे कधी बोलले नव्हते.

जेवण झाल्यावर लेक काकाला एमआरटीच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेली. नवरा खिडकीबाहेरच्या बांबूवरचे कपडे आत घेत होता. मला राहवेना. मी म्हटलं, "ऐक. मी तो गोल पाहिलाच नव्हता."

तो थांबला, पण दचकला नाही. म्हणाला, "मी चेंडू मारला तेव्हा मला लाइनमनचा झेंडा वर दिसला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा मोजला नसणार. पण तू येऊन म्हणालीस, छान होता. वही तुझ्या हातात. मला वाटलं, हिने लिहिलाय म्हणजे मोजला असेल."

म्हणजे माझ्यामुळे याला खरं वाटलं, आणि याने इतक्यांदा सांगितल्यामुळे मला? मला रागही आला, कुणावर ते कळेना. म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

तो हातातल्या कपड्यांकडे बघत म्हणाला, "तू सात नंबरशी बोलायला आली होतीस. बोललो असतो तर त्याच्याकडे गेली असतीस."

फोन उचलून त्याने ग्रुपवर मित्राचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

"गोलाचं मला काय कळत होतं," मी म्हटलं. "बोलायला काहीतरी हवं होतं. बाकीच्यांनी जर्सी काढून पोत्यात कोंबल्या. तू एकट्याने उलटी झालेली सुलटी केलीस, घडी घातलीस, मग ठेवलीस. म्हणून आले होते."

त्याने मान वर केली. त्याच्या हातात लेकीचा शाळेचा टीशर्ट होता, बाही आत अडकलेला. बोलता बोलता तो तेच करत होता, बाही ओढून सुलटी करत होता. आणि मला कळेना, मी सांगितलं ते मैदानावर पाहिलेलं होतं की आत्ता समोर दिसत होतं.

"खरंच?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.