बोनेटवर सोडलेली जागा

बातमी आली तेव्हा मी डोणगावच्या शाळेत दुसऱ्या तासाला फळ्यावर गणित सोडवत होते. मेहकरहून वहिनीचा फोन. "कुंदाताई, ते खुर्चीवरून उठूनच नाई राह्यले..." एवढंच बोलली आणि पुढे नुसतं रडणं. मी खडू टेबलावर टाकला नि गाडी काढली. कशी चालवली ते आठवत नाही. दादाच्या दारासमोर कडुनिंबाची सावली मोकळी होती, तरी गाडी भर उन्हात लावून मी आत धावले. भगवानदादा, माझा मोठा भाऊ, सकाळची आंघोळ करून अंगणात ऊन खात बसला होता, तो बसल्या जागीच गेला. डॉक्टर येऊन गेले होते, बायाबापड्या जमल्या होत्या, आणि माझ्या मेल्या डोक्यात काय यावं? गाडी उन्हात राहिली, आता दादा ओरडेल. तो समोर निजलेला आणि मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत उभी. खोटं कशाला सांगू, अजूनही पाहते.

दादा तीस वर्षं सरकारी जीपवर ड्रायव्हर होता. साहेब बदलले, जीप बदलल्या, दादा तोच. पिंपळगाव राजाकडचा लांबचा दौरा करून जीप धुळीने माखून आली, तरी दुसऱ्या दिवशी साहेब पायरी उतरायच्या आत ती लखलखीत उभी असायची. त्यामागचं गुपित म्हणजे डिझेलमध्ये बुडवून पिळलेलं फडकं. त्या वेळच्या ड्रायव्हर मंडळींचा तो हुकमी उपाय होता. स्वतःची गाडी मात्र दादाने कधी घेतली नाही. घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेली. मी निळी गाडी घेतली तेव्हा माझ्यापेक्षा त्याचाच आनंद मोठा होता. तिसऱ्याच दिवशी त्याने तिच्यावर डिझेलचं फडकं फिरवलं. चमकली, नाही असं नाही. पण डोणगावला पोचेपर्यंत रस्त्याची सगळी धूळ त्या तेलकटपणाला चिकटली, आणि फाटकातून शिरते तर आमचे मास्तर लोक विचारतात, मॅडम, गाडी वावरातून आणली का? माझी जीभ आधीच तिखट. संध्याकाळी परतताना दादाच्या दारात थांबले आणि म्हणाले, "दादा, ही तुही सरकारी जीप नाई. हात लावायच्या आंधी इचारत जा." त्याने हातातलं फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि आत गेला. जन्मभर दुसऱ्याच्या गाडीला आपली म्हणणाऱ्या माणसाला मी हे बोलले. लिहितानाही लाज वाटते.

आठ दिवस तो आमच्याकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी आला तो हातात फवाऱ्याची बाटली घेऊन. रंगावर मारायचं सीलंट. गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात तासभर बसून दुकानदाराचं डोकं खाऊन आला होता. बाटलीवरचं बारीक इंग्रजी त्याने माझ्याकडून वाचून घेतलं, दोनदा, आणि वर माझीच परीक्षा घेतली. हे मारलं की रंगावर पातळ कवच बसतं, धूळ चिकटत नाही, पाखरांची घाण एका फडक्यात निघते, आणि तीन-चार महिने टिकतं. "वावरात फवारणी, आता गाडीवर बी फवारणी," वहिनी हसायची. दादा हसत नसे. त्याने नेम बांधून घेतला. आधी शाम्पूने धुणं, मग कोरडं पुसणं, मग कडुनिंबाखाली गाडी गार होईस्तोवर थांबणं. मग एकेका भागावर दोन फवारे, एका फडक्याने पसरवायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने चमकवायचं. पसरवायचं फडकं वहिनीच्या जुन्या सुती लुगड्याचं, शंभरदा धुऊन लोण्यासारखं झालेलं. आणि या सगळ्याच्या आधी तो बोनेटवर तळहात ठेवायचा, तापलेल्या लेकराला पाहतात तसा. बोनेटला तो कपाळच म्हणायचा. "कपाळ पाह्य पह्यले. गरम असलं तं फवारा जागच्या जागी वाळते, मंग डाग पडतात." डिझेलच्या फडक्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही आणि मीही माफी मागितली नाही. आम्हा भावंडांत माफी मागायची रीतच नव्हती.

मी हे शिकून घ्यावं असं त्याला फार वाटे. मी दर वेळी टाळायची. पेपर तपासायचे आहेत, कंबर दुखते, आणि तू आहेस ना! त्यावर तो म्हणायचा, "मी काय ताम्रपट घेऊन आलो का वं?" आणि पुसत राहायचा. खरं सांगायचं तर मला शिकायचंच नव्हतं. मी शिकले असते तर तो दर तीन महिन्यांनी कशाच्या निमित्ताने दिवसभर माझ्या गाडीशी राहिला असता?

गेल्या दसऱ्याला वहिनीने नेहमीसारखी गाडीची पूजा केली. ओल्या कुंकवाने बोनेटच्या मधोमध स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. पण त्या दिवशी दादाला काय घाई झाली होती कोण जाणे; पूजा झाल्यावर फुलं बाजूला केली आणि लागला फवारा मारायला. सकाळीच धुतली आहे, परत कशाला धुवायची म्हणे. मी सोनं द्यायला गेले तेव्हा काम आटोपलं होतं. गाडी आरशासारखी, आणि बोनेटवर स्वस्तिकाभोवती वीतभर जागा तशीच सोडलेली. मी म्हटलं, एवढ्या शिस्तीचा माणूस तू, हे काय अर्धवट काम? "पूजेचं कुकू त्याच दिशी पुसू का मी?" तो म्हणाला. "राहू दे तेवढं. दिवाई झाली की मारून देतो." दिवाळी झाली. पाहुण्यारावळ्यांत त्याचं राहिलं, माझं तर राहणारच होतं. मग तो सकाळचा फोन आला.

तेराव्यानंतर पहिल्यांदा मी गाडीवर पाणी ओतलं तेव्हा हातातला तांब्या तसाच राहिला. कुंकू तर कधीच उडून गेलं होतं, पण सगळ्या बोनेटवर पाण्याचे टपोरे मणी उभे राहिले आणि मधोमध वीतभर जागेत पाणी नुसतं पसरून बसलं. दादाने सोडलेली जागा. एरवी काही दिसायचं नाही, पाणी पडलं की ती उमटायची. तेव्हापासून मला एक वेडच लागलं. शाम्पू बंद केला. त्याने थर लवकर उतरतो असं दादाच सांगायचा. गाडी सावलीत लावायची, कुणाला फडकं मारू द्यायचं नाही. रोज सकाळी बोनेटवर ओंजळभर पाणी टाकायचं आणि मणी पाहायचे. माझ्या भावाच्या हातचं शेवटचं काम होतं ते, आणि त्याची मुदत मीच त्याला बाटलीवरून वाचून दाखवली होती... तीन-चार महिने. मणी लहान झाले, मग चपटे झाले. संक्रांतीच्या आठवड्यात पाणी टाकलं तर ते सगळीकडे सारखंच पसरलं. जागा कुठे होती ते मला सांगता येईना. फोन आला त्या दिवशी रडले नसेन एवढी त्या दिवशी गाडीच्या नंबरपाटीजवळ बसून रडले.

रविवारी वहिनीकडे गेले. संक्रांतीचे दिवस, गल्लीत घरोघरी हळदीकुंकू चाललेलं, नटूनथटून बाया दारावरून जात होत्या, आणि बोलावणं नसलेलं आमचं दार तेवढं गप्प. वहिनीला मी सगळं सांगितलं. मणी गेले, आता परत फवारा मारला तर त्याच्या हातावर माझा हात फिरेल, ते मला जमणार नाही. ती ऐकत होती. मग उठून खिडकीतून अर्धी उरलेली बाटली आणि दोन्ही फडकी घेऊन आली. "ते म्हनत जायचे, कुंदी शिकली पाह्यजे," ती म्हणाली. "घ्या. मी पानी आनतो."

आम्ही दोघींनी गाडी धुतली, पुसली. कडुनिंबाखाली उभी केली. मी बाटली उचलली तर वहिनी म्हणाली, थांबा, आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. दादा गेल्यापासून तो देवघराच्या मागे बंद पडून होता. समोरच्या ओट्यावरच्या दोघी-तिघी पाहत होत्या. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तळहातावर चिमूटभर कुंकू घेतलं, पाण्याने कालवलं.

"माह्या कपाळाले नाई चालत म्हनतात," ती म्हणाली. "हिच्या कपाळाले कोन नाई म्हनते?"

आणि बोनेटच्या मधोमध तिने स्वस्तिक काढलं. एक रेघ वाकडी आली. मी पुसून नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. फवाऱ्याआधी बोनेटवर तळहात ठेवून पाहिला. गार होतं. मग दोन फवारे मारले, लुगड्याच्या फडक्याने पसरवलं, कोरड्याने चमकवलं, आणि मधली वीतभर जागा सोडून दिली.