सिल्व्हियाच्या लग्नाचं पिंप

विश्वनाथरावांनी उभ्या आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि तरी नॉर्थ यॉर्कच्या आमच्या गल्लीत वाइन करायला त्यांच्याइतकं मनापासून कुणी राबलं नसेल. कोल्हापूरकडून तरुणपणी आलेला हा इंजिनिअर रिटायर झाल्यावर घरात नुसता पायात पायात यायचा. शीलावहिनींनीच त्यांना कुंपणापलीकडे डोनातोकडे पिटाळलं.

डोनातो इटलीतल्या अब्रुझ्झोचा. त्याच्या गावी द्राक्षांचा रस तांब्याच्या कढईत उकळून निम्म्यावर आणतात आणि निवला की पिंपात आंबवतात. घरात मूल जन्मलं की असं एक पिंप भरायचं आणि त्याच्या लग्नात उघडायचं. दरवर्षी थोडी वाइन उडून जाते. तेवढा नवा आटवलेला रस वरून घालायचा, नाहीतर आत हवा राहते आणि सगळ्याचं व्हिनेगर होतं. डोनातोच्या बेसमेंटमध्ये त्याच्या नातीचं, सिल्व्हियाचं पिंप होतं. लग्नाआधी त्यातला थेंबही कुणी चाखायचा नाही, खुद्द डोनातोनेसुद्धा.

तिकडे या कामाला माँटेपुल्चानो नावाची काळी द्राक्षं घेतात. इथे मिळतात ती कॅलिफोर्नियाची, भलत्याच जातीची. दर ऑक्टोबरात पेट्या उतरवताना डोनातो नाक मुरडून एकच वाक्य बोलायचा, "माँटेपुल्चानो नाही." विश्वनाथरावांना हे फार पटायचं, कारण इंडियन ग्रोसरीतल्या गुळाबद्दल त्यांचंही असंच मत होतं. यथेच्छ कुरकुर झाली की दोघं कढईपाशी जायचे. विश्वनाथराव ढवळायचे. कढई कधी उतरवायची ते मात्र डोनातो ठरवायचा.

गेल्या वर्षी सिल्व्हियाचं लग्न पुढच्या जूनमध्ये ठरलं, आणि नेमका डोनातो हृदयाच्या दुखण्याने नर्सिंग होममध्ये जाऊन पडला. पिंपातली शेवटची भर विश्वनाथरावांनी अंगावर घेतली. डोनातोला एकदा नीट विचारून घ्या, असं वहिनी दोनदा म्हणाल्या. पण इतकी वर्षं ढवळल्यावर विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटला.

बॅकयार्डात कढई चढली. विश्वनाथरावांचं बालपण गुऱ्हाळावर गेलेलं. वर येणारी मळी काढता काढता हात आपोआप त्या वळणावर गेला. रस निम्मा झाला तेव्हा त्यांना तो कच्चा वाटला. पळीवरून तार सुटायला लागली तेव्हाच त्यांनी गॅस बंद केला आणि मोठ्या समाधानाने वहिनींना हाक मारली. वहिनींनी बोट लावून चाखलं.

"अहो, ही काकवी झाली."

काकवी आंबत नाही. ती पिंपात घालून उपयोग नव्हता, आणि बाजारातली द्राक्षंही संपली होती. मला त्यांचा भयंकर राग आला. पोरीच्या जन्मापासून जपलेली गोष्ट या गृहस्थाने एका दुपारच्या तोऱ्यात पणाला लावली होती. पण दुसऱ्याच दिवशी ती काकवी बरणीत भरून ते डोनातोकडे निघाले, हेही सांगायला हवं. गाडी मीच चालवत होतो.

काहीही न लपवता त्यांनी झालं ते सांगितलं. डोनातोने चमचाभर काकवी चाखली. त्याची आई ही ताज्या बर्फावर ओतून पोरांना द्यायची म्हणे. त्याने आणखी एक चमचा मागितला. मग म्हणाला, पिंप रिकामं करा आणि वाइन बाटल्यांत काठोकाठ भरा, म्हणजे हवेला जागाच राहणार नाही. पहिला ग्लास मात्र इकडे आणायचा.

"लग्नाआधी?" विश्वनाथराव दचकले.

"जूनपर्यंत मी कुठला असतोय?" डोनातो म्हणाला.

तो ग्लास सिल्व्हियाने स्वतः नेला. डोनातोने एक घोट घेतला, नाक मुरडलं, नेहमीचं वाक्य बोलला आणि ग्लास रिकामा केला. फेब्रुवारीत तो गेला. काकवी झाली नसती तर त्या वाइनची चव न घेताच गेला असता, हे माझ्या मनातून जात नाही.

लग्नात सिल्व्हियाने विश्वनाथरावांना आजोबांच्या खुर्चीवर बसवलं आणि पुढ्यात ग्लास ठेवला. वहिनी बघतच राहिल्या. विश्वनाथरावांनी ग्लास उचलून घोट घेतला. ठसका लागला, तो त्यांनी गिळला. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"माँटेपुल्चानो नाही," ते नाक मुरडून म्हणाले.

सिल्व्हिया हसायला लागली, आणि हसता हसताच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.