मशिनीचा नारळ

खंडेनवमीचा नारळ फोडायचा तो बाहेर, दगडावर. ही अक्कल काय कुणी शिकवायला हवी होती? पण तेव्हा मी पंचविशीतला अतिशहाणा.

साठ सालानंतरची गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका लहानशा कचेरीत मी एकटाच कारकून होतो. माणसाएवढ्या उंच लोखंडी मांडणीत खाली रेडिओ बसवलेला आणि वर दोन चकत्यांचा टेप. दुपारी हवामानाच्या बातम्यांच्या वेळी दोन्ही घड्याळावर आपोआप सुरू होऊन बातम्या टेपवर भरून ठेवायचे. मी जेवून यायचो, टेप ऐकायचो आणि वादळाचा इशारा असला तर काठीवर बावटा चढवायचो. तो बघून होड्या माघारी फिरत.

त्या खंडेनवमीच्या सकाळी थोरला भाऊ होडीवर जाता जाता डोकावला.

"घे रे, आवशीन नारळ धाडल्यान हा. तुझ्या मशिनीक."

"आणि तू खंय चललंस?"

"दर्यार. सांजेक येतंय."

मी मशिनीला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, आणि जास्तीचा मान म्हणून आईचा नारळ फोडला तो थेट मांडणीच्या कोपऱ्यावर! पाणी वरच्या जाळीतून आत गेलं. पंच्याने पुसलं आणि खुशाल जेवायला गेलो.

परत येतो तर टेप चिकटून तुटलेला, त्याची वेटोळी जमिनीवर, रेडिओ मुका. अंदाजाने बावटा चढवावा का? उगाच चढवला तर साहेब फाडून खातील, एवढाच विचार मी गाढवाने केला. होड्या अजून नजरेच्या टप्प्यात होत्या. मी नुसता बघत राहिलो.

सांजेला वारा उठला. भाऊ आला नाही. दोन दिवस आई किनाऱ्यावरून हलली नाही. मी तिच्या शेजारी होतो, पण नारळाचं तिला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका होडीने त्याला आणलं. जिवंत होता. डावा हात मात्र डोलकाठीखाली चिरडून कायमचा लुळा झाला.

मग मशीन तपासायला साहेब आले. मांडणी उघडली तर आत मुंग्यांची रांग.

"या इथे कशा?"

"साहेब, आमच्याकडे मुंग्या सगळीकडेच."

त्यांनी 'खाऱ्या हवेने निकामी' असं लिहिलं. खाली मी सही केली. लाज वाटली का? वाटली. पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

पुढच्या खंडेनवमीला भाऊ पुन्हा दारात. एक नारळ उजव्या हातात, एक काखेत.

"यंदा दोन फोड रे. गेल्या वर्षीच्या नारळाक पावान तुझ्या मशिनीन माका वाचयल्यान."

मी दोन्ही नारळ बाहेर नेले आणि दगडावर फोडले.

"अरे, पाणी भुंयर कित्याक ओततंस? मशिनीक दी मरे थोडा."

मला रडू कोसळलं. त्याला वाटलं, तो वाचला म्हणून मी रडतोय. उजव्या हाताने त्याने आपला तो लुळा हात उचलला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.